नागावचे केरूनाना आणि पंचांगातला फरक

जळगाव-धुळ्याकडची कुटुंबे सुट्टीत अलिबागला जातात, तेव्हा पहिला गोंधळ होतो तो भरती-ओहोटीचा. आपल्या तापीचे आणि पांझरेचे पाणी पावसाळ्यात चढते आणि नंतर उतरते. इथे ते दिवसातून दोनदा चढते-उतरते. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचे तर ओहोटीची वाट पाहावी लागते. आजची वेळ उद्या चालत नाही, कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. म्हणून किनाऱ्यावरची जुनी माणसे घड्याळाआधी तिथी विचारतात. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पंचांग खरे की खोटे, हे इथे समुद्रच सांगतो.

अलिबागहून दक्षिणेला निघून आक्षी ओलांडली की नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये दडलेले नागाव लागते. जुन्या अष्टागरातले हे शांत गाव. पर्यटक किनाऱ्यावर येतात, मासे खातात आणि परततात. याच गावात १६ मे १८२५ रोजी केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखू लागला.

आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि काकांनी त्यांना मुंबईला नेले. तिथे एल्फिन्स्टन शाळेत ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखे गुरू लाभले. मुलाचे गणित पाहून प्राध्यापक ऑर्लेबार यांनी १८४० मध्ये त्याला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मदतनीस म्हणून घेतले. पगार महिना ५० रुपये आणि वय अवघे १५ वर्षांचे.

पुढच्याच वर्षी वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. आपोआप नोंद करणारे यंत्र तेव्हा तिथे नव्हते. ठरलेल्या वेळी माणसाने उठायचे, दिव्याच्या उजेडात सुईची जागा वाचायची आणि वहीत आकडा मांडायचा. हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचेही तसेच. दिवस असो की रात्र, नोंद चुकवायची नाही. केरूनानांनी तिथे सुमारे दहा वर्षे काढली. पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा डोळ्यांना काय दिसते ते आधी लिहायचे, ही सवय त्यांना तिथेच लागली असावी, असे त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते.

१८५१ मध्ये ते पुण्याला शिकवायला गेले आणि पुढची जवळजवळ तीन दशके त्यांनी गणित आणि विज्ञान शिकवले. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. केरूनानांनी मराठीत अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली. भरती-ओहोटी, हवा, सूर्यावरील डाग अशा विषयांवर सामान्य श्रोत्यांना कळतील असे निबंध वाचले. मात्र त्यांचे नाव गाजले आणि त्यांना विरोधही झाला तो पंचांगामुळे.

त्या काळी महाराष्ट्रातली पंचांगे मुख्यतः ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. हा ग्रंथ गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये रचला. ते नांदगावचे. हे गाव नागावच्याच किनाऱ्यावर, दक्षिणेला मुरुड-जंजिऱ्याच्या वाटेवर आहे. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेत आणि जुन्या ग्रंथांत दिसलेला फरक नोंदवून ठेवत. मुलाने त्या फरकांचा हिशेब धरला आणि त्रिकोणमितीची अवघड कोष्टके न लागता ग्रहांची स्थिती काढता येईल अशी सोपी रीत दिली. जोशीबुवांचे काम हलके झाले. पण सोप्या रीतीत राहिलेला बारीक फरक वर्षानुवर्षे साठत जातो. सव्वातीनशे वर्षांनी पंचांगातला ग्रह एका जागी आणि आकाशातला दुसऱ्या जागी, अशी अवस्था झाली. ग्रहणाच्या वेळाही चुकू लागल्या.

केरूनानांनी युरोपातील अद्ययावत गणिताच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने त्यावर आधारलेले नवे पंचांग निघू लागले. ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले.

इथे दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, ग्रह आज नेमका कुठे आहे? हा वेधाचा प्रश्न. दुर्बीण लावली की उत्तर मिळते. दुसरा, राशिचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची? वर्तुळाला स्वतःची सुरुवात नसते, ती माणसाने ठरवायची असते. केरूनानांनी रेवती नक्षत्रातला, मीन राशीतला एक मंद तारा आरंभबिंदू धरला. त्यामुळे रूढ पंचांगाशी सुमारे चार अंशांचा फरक पडला. सूर्य रोज जवळपास एक अंश सरकतो, म्हणजे संक्रांतीत चार दिवसांचा फरक. अधिक महिना वेगळा आला, तर एखाद्या वर्षी सणांत चक्क महिन्याचे अंतर.

ग्रहणाची वेळ बरोबर आली तर कोणाचे बिघडत नाही. पण शेजारच्या घरी संक्रांत होण्याआधी चार दिवस आपल्या घरी तिळगूळ वाटायचा, हे लोकांना रुचणारे नव्हते. पटवर्धनी पंचांग फार थोड्यांनी वापरले. १८७७ मध्ये सरकारने केरूनानांना रावबहादूर केले, १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे पंचांग घरोघरी पोचले नव्हते. त्यांच्या विचाराची बाजू पुढे त्यांच्या विद्यार्थ्याने, लोकमान्यांनी उचलली. आजच्या टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास दिसते, त्याचे मूळ इथे आहे.

या वादाची नीट हकीकत ज्यांनी लिहून ठेवली त्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांशी आपले नाते आहे. नागावजवळच्या रेवदंड्याच्या शाळेत त्यांनी शिकवले आणि पुढे काही वर्षे ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिक्षक होते. १८९६ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ग्रंथात गणेश दैवज्ञही आहेत आणि केरूनानाही.

हिशेब आज केला तर निकाल असा दिसतो. पहिल्या प्रश्नावर केरूनाना पूर्ण जिंकले. आज बहुतेक पंचांगे ग्रहांची स्थिती आधुनिक गणिताने काढतात. दुसऱ्या प्रश्नावर ते हरले. बहुसंख्य पंचांगांनी चित्रा तारा आधार मानला आणि संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास राहिली.

अलिबागला गेलात तर आणखी एक ठिकाण लक्षात ठेवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसुई बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळेसाठी अलिबाग निवडले. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन्हीकडच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत मुंबईतही काम चालू ठेवले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली आहे. केरूनानांनी कोवळ्या वयात ज्या नोंदी ठेवल्या, त्यांचे काम असे त्यांच्या जन्मगावाशेजारी येऊन पोचले. १८५९ च्या प्रचंड सौर वादळाचा अंदाज घेताना शास्त्रज्ञांना मुंबईच्या याच वेधशाळेतले हाताने लिहिलेले आकडे उपयोगी पडले.

आणि अलिबागला जाणे जमले नाही, तरी एक वेध घरच्या गच्चीवर घेता येतो. १ मीटरची काठी सपाट जागी उभी करा. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली मोजा. जळगाव किंवा धुळ्यात ती सुमारे ९८ सेंटीमीटर भरेल. १४ जानेवारीला पुन्हा मोजा. ती सुमारे ९१ सेंटीमीटर असेल. म्हणजे आपण तिळगूळ वाटतो त्याच्या तीन आठवडे आधीच सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो. मुलांना सोबत घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा.