ब्रह्मकमळामागचा माणूस

पावसाळ्यात एखाद्या रात्री शेजारी ब्रह्मकमळ उमलल्याची वर्दी येते आणि सगळी गल्ली त्या घरी गोळा होते. आपल्या कुंडीतले हे फूल खरे तर निवडुंगाच्या जातीचे, मूळ मेक्सिकोकडचे. केदारनाथला वाहतात ते खरे ब्रह्मकमळ हिमालयात साधारण बारा हजार फुटांच्या वर उगवते. त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द आहे 'सोस्युरिया'. हे नाव ज्या घराण्यावरून पडले, त्यातल्या थोर पुरुषाची ही ओळख.

होरास बेनेदिक्त द सोस्यूर याचा जन्म १७४० साली जिनिव्हाजवळ झाला. घर श्रीमंत, बुद्धी तल्लख. बाविसाव्या वर्षी तो जिनिव्हाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याआधीच, १७६० मध्ये, तो शामोनीच्या खोऱ्यात गेला आणि आल्प्समधले सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ पाहून भारावला. त्या काळी लोक हिमशिखरांना भीत. या शिखराची वाट शोधणाऱ्यास त्याने बक्षीस जाहीर केले. ते मिळवायला कोणीतरी यावे म्हणून त्याला २६ वर्षे थांबावे लागले!

अखेर ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे डॉक्टर पाकार आणि त्याच गावचा जाक बाल्मा शिखरावर पोहोचले. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १७८७ रोजी, सोस्यूर स्वतः वर गेला. सोबत नोकर आणि १८ वाटाडे होते. उपकरणांचे ओझे याच गावकऱ्यांच्या पाठीवर होते. खाली शामोनीत पत्नी दुर्बिणीतून पाहत होती.

शिखर गाठल्यावर त्याने विजयाचा सोहळा केला नाही, लगेच उपकरणे मांडली. विरळ हवेत धाप लागत होती. तरी साडेचार तास तो मोजत राहिला. हवेचा दाब मोजला. पाणी सुमारे ८६ अंशांवरच उकळते हे पाहिले. निळ्या छटांच्या पट्ट्या आभाळाशी ताडून त्याचा रंगसुद्धा नोंदला. त्याने काढलेली शिखराची उंची सुमारे ४,७७५ मीटर. आजच्या मापाशी फरक फक्त तीसेक मीटरचा!

तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. १७८८ मध्ये मुलगा थिओडोरला घेऊन सुमारे ३,३५० मीटर उंचीच्या खिंडीत तो १७ दिवस राहिला. वादळ असो वा थंडी, नोंदी चालूच.

मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो तेव्हा रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाची नोंद घ्यावी लागे. एक दिवस चुकला तर काय बिघडते, असे तेव्हा वाटे. सोस्यूर वाचल्यावर त्या रकान्याची किंमत कळली.

त्याची युक्ती साधी असे. माणसाचा केस ओलाव्याने लांबतो, एवढ्यावरून त्याने आर्द्रतामापक बनवला. तसले मापक वेधशाळांत पुढे दीर्घकाळ वापरात होते. काचेची पेटी डोंगरावर नेऊन त्याने दाखवले, की बाहेर हवा गार असली तरी पेटीत ऊन जवळजवळ खालच्याइतकेच तापते. म्हणजे उंचावरच्या गारठ्याचे कारण ऊन कमी पडणे हे नव्हे.

आल्प्सच्या प्रवासांवरचे त्याचे चार खंड १७७९ ते १७९६ या काळात निघाले. पण अखेरचा काळ कठीण गेला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पैसा गेला, १७९४ मध्ये पक्षाघात झाला. २२ जानेवारी १७९९ रोजी त्याचे निधन झाले.

आज त्याच्या नावाच्या वनस्पतींवरच संकट आहे. आयुर्वेदातली 'कुष्ठ' ही मुळी ब्रह्मकमळाचीच बहीण. ती इतकी खणली गेली, की रानातल्या मुळीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी घालावी लागली. ब्रह्मकमळही पूजेसाठी आणि औषधासाठी बेसुमार तोडले जाते. फूल बी धरण्याआधीच खुडले तर पुढच्या साली तिथे काय उगवणार?

आपल्यापैकी अनेकजण चारधामला जातात. वर गेल्यावर ब्रह्मकमळ दिसले, तर सोस्यूरसारखे थांबावे, नीट पाहावे, हवे तर वहीत टिपून घ्यावे आणि फूल तिथेच ठेवून खाली यावे. देवाला ते तिथूनही पोहोचते.