गांधीजी रोज फिरायला का जायचे?

परीक्षा जवळ आली की तुमच्या दिवसातून सगळ्यात आधी काय कापलं जातं, आठवून बघा. मोबाइल? छे. कापलं जातं ते बाहेर पडणं. मारेगावच्या अभ्यासिकेत बसा नाहीतर वणीतल्या भाड्याच्या खोलीत, सकाळी खुर्चीला टेकलेली पाठ रात्रीच सुटते. पोलीस भरतीची पोरं तेवढी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. बाकीच्यांना झाडाखाली घालवलेला अर्धा तास म्हणजे वाया गेलेला अर्धा तास वाटतो. संध्याकाळी वावराकडे चक्कर मारावी असं मनात येतं आणि लगेच दुसरा विचार येतो, तेवढ्यात एक धडा होईल.

एका माणसाने हा हिशोब आयुष्यभर उलटा मांडला. त्याच्या मागे कामं किती, तर रोज येणारा पत्रांचा ढीग, साप्ताहिकांचे लेख, भेटायला आलेल्यांची रांग आणि वर एका देशाचं आंदोलन. तरी फिरायला जाणं त्याने सोडलं नाही. त्याचा आश्रमही आपल्यापासून फार लांब नाही. करंजीवरून हिंगणघाट, तिथून पुढे सेवाग्राम, शे-सव्वाशे किलोमीटर. होय, गांधीजी. त्यांचं चरित्र तुम्ही शाळेत पाठ केलंय. आज तेच जरा त्यांच्या पायांकडे बघत वाचू.

१८६९ साली पोरबंदरला जन्मलेला मोहन काही मैदानात रमणारा मुलगा नव्हता. स्वभाव लाजाळू. राजकोटच्या शाळेत कसरत आणि क्रिकेट सक्तीचं झालं, तेही त्याला नकोसं वाटायचं. पण मोकळ्या हवेत लांबवर फिरण्याचे फायदे त्याने पुस्तकात वाचले, ते पटले आणि चालायची सवय लागली ती कायमची.

१८८८ मध्ये तो बॅरिस्टर व्हायला लंडनला गेला. वय अठराच्या पुढे, म्हणजे आज तुमचं असेल तेवढंच. घरची आठवण यायची, मनासारखं शाकाहारी जेवण मिळत नव्हतं, खिशातला प्रत्येक शिलिंग मोजून खर्च करावा लागत होता. शाकाहारी खाणावळ शोधत तो दिवसाला दहा-बारा मैल भटकायचा. पुढे खर्च आणखी कमी करायचा म्हणून त्याने खोली बदलली. नवी खोली अशी निवडली की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता यावं. गाडीभाडं वाचलं आणि रोजचं आठ-दहा मैल चालणं आपोआप झालं. आपल्या मापात तेरा ते सोळा किलोमीटर. कायद्याचा अभ्यास, शिवाय लंडनची मॅट्रिक, त्यात लॅटिनमध्ये एकदा नापास होणं, हे सगळं याच काळातलं. इंग्लंडात आपण फारसे आजारी पडलो नाही आणि शरीर बऱ्यापैकी काटक झालं, याचं श्रेय आत्मचरित्रात त्यांनी या चालण्याला दिलं आहे. जून १८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले.

आता दक्षिण आफ्रिकेतला एक प्रसंग. पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर रात्री गाडीतून बाहेर काढलं, तो तुम्हाला माहीत आहे. हा त्याच्या नंतरचा, प्रिटोरियाचा. तिथे गांधीजी एका रस्त्याने शहराबाहेरच्या मोकळ्या माळाकडे फिरायला जात. वाटेत राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांचं घर लागायचं. तिथे भारतीयांना फूटपाथवर चालायला मनाई होती. रात्री नऊनंतर परवान्याशिवाय बाहेर पडायलाही मनाई. एके दिवशी पहाऱ्यावरच्या शिपायाने काही न सांगता त्यांना ढकललं, लाथ मारली आणि रस्त्यावर ढकलून दिलं. ओळखीच्या एका गोऱ्या मित्राने ते पाहिलं आणि फिर्याद करायला सांगितलं. गांधीजींनी ती केली नाही, पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली. मोकळ्यावर फिरणं ही वरवर साधी गोष्ट. ती कोणाला करता येते आणि कोणाला नाही, यावरून त्या समाजाची परीक्षा होते.

पुढे त्यांनी राहण्याच्या जागाच मोकळ्यावर वसवल्या. १९०४ मध्ये डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली. शंभर एकर जमीन, छोटा झरा, थोडी संत्र्याची आणि आंब्याची झाडं. १९१० मध्ये मित्र हरमन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर सुमारे ११०० एकर जमीन सत्याग्रहींना वापरायला दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. फळझाडंच तिथे हजाराच्या घरात होती. तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबं इथे राहत, मुलं सकाळी शेतात आणि बागेत राबत, मग शिकत. खासगी कामासाठी शहरात जायचं असेल तर पायी, असा नियम होता. लोक मध्यरात्रीनंतर निघत आणि सकाळी शहरात पोचत.

आता कुणी म्हणेल, एवढं फिरूनही हा माणूस आजारी पडायचाच की. पडायचे ना! हिरवळ म्हणजे जादूटोणा नाही. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात त्यांना हगवणीने इतकं पाडलं की जगतो की नाही असं झालं. बरं व्हायला माथेरानला नेलं, पण तिथलं जड पाणी मानवलं नाही आणि मुक्काम हलवावा लागला. १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्स बिघडलं, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. तिथे झाडपाल्यावर भरवसा ठेवून ते थांबले नाहीत. ऑपरेशननंतर मात्र जुहूच्या समुद्रकिनारी विश्रांती घेतली. १९२७ च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापुरात रक्तदाब वाढून ते कोसळले. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी आंबोलीच्या घाटमाथ्यावर, मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर सुमारे दीड महिना ते राहिले. बघा, इलाज डॉक्टरांचा आणि सावरायला मोकळी हवा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींच्या विरोधात कधी उभ्या केल्या नाहीत.

मग आपल्या भागातलं पर्व सुरू झालं. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून पुढे गावाचं नाव सेवाग्राम झालं. तारीख नीट बघा. एप्रिलअखेरचं विदर्भातलं ऊन काय असतं, ते मारेगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात चिखल, वर मलेरिया. तो त्यांनाही झाला. पण आसपास मिळणाऱ्या माती-बांबूची कुटी, समोर मोकळं अंगण, गांधीजींनी लावलेला पिंपळ, कस्तुरबांनी लावलेला बकुळ, आणि सकाळ-संध्याकाळचं फिरणं. भेटायला आलेली मोठमोठी माणसंही बरोबर चालत. चालता चालता चर्चा व्हायची. जमेल तेव्हा ते उघड्यावर, आभाळाखाली झोपत. रक्तदाबाने पाठ सोडली नाही. १९४० मध्ये तो २२० बाय ११० पर्यंत गेल्याची नोंद आहे. म्हणजे हा निरोगी माणसाचा शौक नव्हता. आजार सांभाळत काम करणाऱ्या सत्तरीतल्या माणसाचं ते रोजचं पथ्य होतं.

या पथ्याची सगळ्यात कठीण परीक्षा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झाली. ९ ऑगस्ट १९४२ ला त्यांना अटक करून तिथे ठेवलं. सहाच दिवसांत, १५ ऑगस्टला, पंचवीस वर्षं सावलीसारखे सोबत राहिलेले महादेवभाई देसाई अचानक गेले. आवारातच त्यांना अग्नी दिला. गांधीजी रोज फिरताना फुलं घेऊन त्या जागेपाशी जात. त्याच ऑगस्टच्या शेवटी त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहायला घेतलं आणि डिसेंबरमध्ये संपवलं. माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेइतकंच त्यांनी त्यात आकाशालाही महत्त्व दिलं. माणूस आणि आभाळ यांच्यात जितका आडोसा कमी तितकं बरं, असा त्यांचा विचार होता. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही त्याच कैदेत गेल्या. दुःख काही फिरण्याने नाहीसं होत नाही. पण तारेच्या कुंपणाआड, बागेतल्या त्या फेऱ्यांनी दिवसाला एक आकार दिला आणि माणूस मोडला नाही. सुटकेनंतर मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळ उरुळीकांचनला गेले, खेड्यातल्या गरिबांवर निसर्गोपचार केले आणि तिथे आश्रम सुरू झाला. तो आजही आहे.

तुम्ही सायन्सवाले विचाराल, याला पुरावा काय? गांधीजींचे सगळे प्रयोग टिकले नाहीत, हे खरं. पण मोकळ्यावर जाण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं बरंच टिकलं. १९८४ मध्ये रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतल्या एका दवाखान्याच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकंही कमी लागली. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी काहींना झाडांच्या बागेत फिरवलं, काहींना गजबजलेल्या रस्त्यावर. मग आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. बागेतून आलेल्यांची कामगिरी सुधारली, रस्त्यावरून आलेल्यांची तितकी नाही. कारण सोपं आहे. पुस्तकावर लक्ष धरून ठेवायला मेंदूला जोर लावावा लागतो आणि तो जोर थकतो. हॉर्न वाजणाऱ्या रस्त्यावरही सावध राहावंच लागतं. पानांची हालचाल, पाखरांचा आवाज मात्र जोर न लावता लक्ष वेधतात आणि थकलेला भाग सुस्तावतो. इंग्लंडातल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, अशीही शंका घेता येते. पण आठवड्याला दोन तास म्हणजे दिवसाला जेमतेम सतरा-अठरा मिनिटं. एवढ्याने धडा राहत नाही.

आता आपलं बघू. मारेगावच्या पोरांना हिरवळ शोधायला महाबळेश्वर गाठायची गरज नाही. गावाबाहेर पडलं की पऱ्हाटी आणि तुरीची वावरं, धुऱ्यावरचा कडुलिंब, पळस. जंगलात एकट्याने शिरू नका, आपल्याकडे वाघाचा वावर आहे. कॉलेजच्या मैदानाची कडा पुरे, गावालगतचा पांदण रस्ता पुरे. उन्हाळ्यात सकाळी सहाला, हिवाळ्यात संध्याकाळी. मोबाइल खिशात. आणि हो, मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, तर फिरण्यासोबत डॉक्टरांकडेही जा. ससूनमधलं ऑपरेशन आठवा.

शेवटी प्रिटोरियाचा तो फूटपाथ विसरू नका. आपल्या गावात पोरगा संध्याकाळी सहज चक्कर मारून येतो. त्याच्याच वर्गातल्या मुलीला मात्र कुठे चाललीस, कोणासोबत, किती वाजता येशील, हे सगळं सांगावं लागतं, म्हणून बरेचदा ती जातच नाही. अभ्यासाने डोकं तिचंही तेवढंच थकतं. तेव्हा मैत्रिणींनो, चौघी-पाच जणी मिळून निघा. मित्रांनो, मैदानाच्या कट्ट्यावर टोळकं करून बसायचं थांबवा. आणि सगळ्यांनी मिळून नगरपंचायतीकडे एक अर्ज करा: दिवे असलेली, झाडं असलेली, सगळ्यांना फिरता येईल अशी एक जागा. गांधीजी ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी प्रार्थनेला निघाले, तेही बागेतल्या वाटेने चालतच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आपण विशीत खुर्चीला चिकटून बसलोय. उठा, एक चक्कर मारून या. धडा परत आल्यावर होईल, आणि जरा बरा होईल.