विमा कचेरीतील फ्रान्झ काफ्का

काफ्का म्हणजे दुर्बोध आणि निराश लेखक, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला मात्र तो जवळचा वाटतो, तो त्याच्या नोकरीमुळे.

फ्रान्झ काफ्काचा जन्म ३ जुलै १८८३ रोजी प्राग येथे झाला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आजूबाजूला बहुसंख्य चेक, घर ज्यू आणि घरची भाषा जर्मन. वडिलांचे फॅन्सी वस्तूंचे दुकान होते व घरात त्यांचाच शब्द चाले. १९०६ मध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवून काफ्का १९०८ साली प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत लागला. दुपारी दोनपर्यंत कचेरी, रात्री लेखन.

कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करणे, मालकांच्या अपिलांना उत्तरे देणे, अपघात टाळण्याचे उपाय सुचवणे, हे त्याचे काम. रंधा मशीनवरील त्याचा १९१० चा सचित्र अहवाल आमच्या वर्कशॉपमध्ये लावण्याजोगा आहे. चौकोनी शाफ्ट आणि टेबल यांत मोठी फट राही. फळी उसळली की हात त्या फटीत जाई आणि बोटे तुटत. गोल शाफ्टमध्ये पाती झाकलेली आणि फट अरुंद, त्यामुळे खरचटण्यावर निभावे. शिवाय तो स्वस्तही पडे, हे मालकांना सांगायला काफ्का विसरला नाही!

हे ठाऊक असले की त्याच्या कथा वेगळ्या दिसतात. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रूपांतर’ कथेतील फिरता विक्रेता ग्रेगोर साम्सा सकाळी किडा होऊन जागा होतो, आणि काळजी करतो ती पाचची गाडी चुकल्याची! आजारी आहे म्हणावे, तर मालक विम्याचा डॉक्टर घेऊन येईल, आणि त्या डॉक्टरच्या मते सगळे धडधाकट, फक्त कामचुकार. ही कल्पनेची भरारी नव्हे, असले कागद काफ्काच्या टेबलावर रोज येत असणार. १९१४ मध्ये लिहिलेल्या दंडवसाहतीच्या कथेत तर एक अधिकारी माणसाच्या अंगावर शिक्षा कोरणारे यंत्र भागवार समजावून देतो, अगदी मॅन्युअलप्रमाणे.

१९१७ मध्ये त्याला क्षय झाला. १९१८ साली साम्राज्य कोसळले, कचेरीची भाषा चेक झाली. काफ्काला चेक येत असल्याने नोकरी टिकली. १९२२ मध्ये तो निवृत्त झाला आणि ३ जून १९२४ रोजी व्हिएन्नाजवळ वारला. हस्तलिखिते जाळण्याची त्याची इच्छा मित्र माक्स ब्रोडने मानली नाही, म्हणून १९२५ मध्ये ‘खटला’ व पुढच्या वर्षी ‘किल्ला’ या कादंबऱ्या निघाल्या. काफ्काच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींच्या संहारात बळी पडल्या.