राणे यांनी उघडलेला रस्ता

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी पाच जणांना परमवीरचक्र दिले गेले. त्यांपैकी तिघे लढता लढता गेले. उरलेले दोघे म्हणजे लान्स नायक करमसिंग आणि सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. राणे यांची कामगिरी एप्रिलमधली आणि करमसिंग यांची त्यानंतर ऑक्टोबरमधली. म्हणून परमवीरचक्राचे पहिले हयात मानकरी राणे ठरतात.

स्मरणिकेसाठी कोणाचे तरी चरित्र लिही, असा निरोप आला तेव्हा हेच नाव मनात आले. आपल्यातले काही मित्र सैन्यात गेले, त्यांना या लेखात नवे काही सापडणार नाही. हा लेख बाकीच्यांसाठी आहे. आपली वर्दीशी ओळख एनसीसीपुरती. कडक खळ, ब्रासोने घासलेला पट्टा आणि परेड संपल्यावर मिळणारा नाश्ता. त्या वर्दीत माणूस नेमके काय काम करतो, हे राणे यांच्या चार दिवसांतून जितके समजते तितके मोठमोठ्या लढायांच्या वर्णनांतून समजत नाही.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिया. वडील पोलीस शिपाई, म्हणजे घरात खाकी आधीपासूनच होती. वडिलांच्या बदल्यांमुळे शाळाही बदलत राहिल्या. १९३० च्या सुमारास गांधीजींच्या चळवळीने या बारा वर्षांच्या मुलाला ओढले, तेव्हा वडिलांनी काळजीने बिऱ्हाड गावी हलवले. सरकारी शिपायाच्या घरात हे अवघडच होते. दहा वर्षांनी, जुलै १९४० मध्ये, हाच मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. आपल्या खडकीचे हे बॉम्बे सॅपर्स. प्रशिक्षण संपताना सर्वोत्तम रिक्रूट म्हणून त्यांना कमांडंटची छडी मिळाली.

सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर. पूल बांधणे, पूल उडवणे, सुरुंग पेरणे, सुरुंग काढणे ही त्याची कामे. ब्रह्मदेशात बुथिडाँगहून सैन्य मागे घेताना राणे यांच्यावर मागे थांबून महत्त्वाच्या गोष्टी नष्ट करण्याची जबाबदारी आली. काम झाल्यावर नौदल त्यांना उचलणार होते. ते झाले नाही. जपानी गस्त असलेली नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे स्वतःच परत आणली. तिथे ते हवालदार झाले आणि पुढे पायरी पायरीने चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी अधिकारी.

चारच महिन्यांनी ते नौशेऱ्याला होते. पुढे राजौरी घ्यायची होती. तिथे हल्लेखोरांनी थैमान घातले होते, त्यामुळे प्रत्येक दिवस मोलाचा होता. रणगाडे होते, चौथी डोग्रा पलटण होती, पण रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण शत्रूने पाइनची झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, वळणावळणावर सुरुंग पुरलेले आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगन लावलेल्या.

८ एप्रिलला राणे यांची तुकडी कामाला लागण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोघे सॅपर गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेली माणसे पुन्हा जमवली आणि काम सुरू केले. त्या दिवशी रात्री दहापर्यंत ते शत्रूच्या डोळ्यांसमोर रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून पुन्हा तेच. दुपारी तीनला वाट झाली. मग पुढच्या चिलखती गाडीत बसून निघाले, तर अर्ध्या मैलावर आडवी झाडे. ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे. त्यापुढे उडवलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग आणि वरून गोळीबार. अंधार पडल्यामुळे रणगाड्यांच्या प्रमुखाने सगळ्यांना मागे घेतले, नाहीतर राणे तेव्हाही हलणार नव्हते.

सुरुंग काढणे हे घाईचे काम नाही. जमीन हलक्या हाताने चाचपायची, माती बोटांनी बाजूला करायची, खाली आणखी काही जोडलेले नाही ना ते पाहायचे. आणि हे सगळे डोक्यावरून गोळ्या जात असताना. राणे रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जात आणि आत बसलेल्या चालकाला दोन दोऱ्यांनी खुणा करत, एक पुढे चलसाठी, एक थांबसाठी, असे सांगितले जाते. हातात बंदूक नाही, समोर शत्रू दिसत नाही, आणि तीस टन नसला तरी कित्येक टनांचा रणगाडा पाठीवर. या शौर्याचे चित्र काढणेही कठीण.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला ते त्याच पाच झाडांशी होते. साडेसहाला ती हटली. पुढचा हजार यार्डांचा पट्टा साडेदहाला मोकळा झाला. दुपारी दोनला रणगाडे तावी नदीच्या पात्रातून चिंगसला पोहोचले.

मला राणे मोठे वाटतात ते इथून पुढे. रणगाडे गेले, लढाईतला गाजणारा भाग संपला, कोणी विचारले नसते. पण पात्रातून रणगाडा जातो, रसदीचा ट्रक जात नाही. ट्रक आला नाही तर पुढे गेलेल्यांना दारूगोळा, अन्न, औषध काहीच मिळणार नाही. म्हणून जखमी राणे त्या दिवशी जेवणविश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत रस्ताच साफ करत राहिले. ११ तारखेला सकाळी सहाला परत सुरुवात. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला झाला. तरी रात्री दहापर्यंत पुढचे काम चालूच. १२ एप्रिलला राजौरी हाती आली. गाव उद्ध्वस्त झाले होते, पण जे जगले होते त्यांच्यापर्यंत मदत पोहोचली.

गंमत अशी की ज्या पदकाने त्यांचा गौरव झाला त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची, जन्माने युरोपीय आणि संसाराने मराठी. आणखी एक जुळणी. १९४१ मध्ये ॲबिसिनियात लागोपाठ चार दिवस सुरुंग काढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे प्रेमिंद्रसिंग भगतही याच बॉम्बे सॅपर्सचे. भगत पुढे लेफ्टनंट जनरल झाले. राणे २८ वर्षांची नोकरी करून १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. परमवीरचक्र असलेला माणूस मेजरच राहिला, याचे आपल्याला वाटते तेवढे आश्चर्य सैन्यातल्या मित्रांना वाटत नाही. पदक एका कामाचे असते, बढतीचे नियम वेगळे.

११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पराक्रमानंतर ते सेहेचाळीस वर्षे जगले, आणि त्यातली बरीच वर्षे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ओळखू न येता. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव होते आणि अंदमानातल्या एका बेटाला ते आहे. त्या दोन सॅपर्सची नावे मात्र कुठल्या जहाजावर नाहीत.

जम्मूहून पूंछला जाणारा आजचा महामार्ग नौशेरा, चिंगस आणि राजौरी याच गावांवरून जातो.