स्वांटे अऱ्हेनिअस : अभिक्रियेचे माप आणि माणसाचे माप

आम्ही इतिहासाचे शिक्षक. प्रयोगशाळेशी आमचा संबंध तसा दुरूनच. तरीही एका प्रयोगाच्या तासाला आम्ही दरवर्षी आवर्जून हजर असतो. कागदावर पेन्सिलीने फुली काढायची, तिच्यावर सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचे शंकुपात्र ठेवायचे, त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचे आणि घड्याळ पाहायचे. गंधकाचे सूक्ष्म कण तयार होऊन द्रावण गढूळ होते आणि वरून पाहताना फुली दिसेनाशी होते. तो क्षण टिपला की अभिक्रियेचा वेग हाती येतो. द्रावण कोमट करून हाच प्रयोग केला, तर फुली कितीतरी लवकर लुप्त होते. असे का होते, याचा उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञाचे चरित्र विद्यार्थ्यांइतकेच पालकांनीही जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

स्वांटे अऱ्हेनिअस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ झाला. वडील जमिनीची मोजणी करणारे. वयाच्या तिसऱ्या वर्षी हा मुलगा आपला आपण वाचायला शिकला आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहून आकडेमोड करू लागला. पुढे उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान होईना, म्हणून १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एडलुंड यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १८८४ मध्ये त्यांनी यावरचा प्रबंध उप्सालाला सादर केला. परीक्षकांना त्यातील नवा विचार पटला नाही. प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली आणि विद्यापीठात शिकवण्याची वाट जवळजवळ बंद झाली.

अऱ्हेनिअस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी विद्वानांना धाडल्या. रिगा येथील ओस्टवाल्ड यांनी त्याचे मोल ओळखले आणि या अपरिचित तरुणाला भेटण्यासाठी ते स्वतः उप्सालाला आले. पुढे अऱ्हेनिअस यांना प्रवासवृत्ती मिळाली आणि ओस्टवाल्ड, बोल्ट्झमन, व्हान्ट हॉफ अशा थोरांच्या सहवासात त्यांनी काम केले.

१८८९ मध्ये त्यांनी आम्लामुळे होणाऱ्या साखरेच्या विघटनाचा वेग विचारात घेतला. कोडे असे होते : तापमान २७ अंशांवरून ३७ अंश सेल्सिअसवर नेले, तर रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते, पण अनेक अभिक्रियांचा वेग मात्र सुमारे दुप्पट होतो. अऱ्हेनिअस यांचे उत्तर असे की, सगळेच रेणू अभिक्रिया करीत नाहीत. ज्यांच्यापाशी एका ठरावीक मर्यादेहून अधिक ऊर्जा असते, तेच तो उंबरठा ओलांडतात. थोडी ऊब मिळाली, तरी अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. या उंबरठ्यालाच आज सक्रियण ऊर्जा म्हणतात. १८९६ मध्ये, हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचेही गणित त्यांनी मांडले. ज्या विचाराला खालची श्रेणी मिळाली होती, त्याच विचाराच्या विकासासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चरित्र येथेच संपवता आले असते. पण इतिहासाच्या शिक्षकाला ती मुभा नाही. १९०९ मध्ये स्वीडनमध्ये वंशशुद्धीचा पुरस्कार करणारी एक संस्था निघाली. अऱ्हेनिअस तिच्या मंडळावर होते. १९२२ मध्ये उप्सालातच शासकीय वंशजीवशास्त्र संस्था उभी राहिली; तिच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. त्या संस्थेने माणसांची डोकी मोजली, उत्तरेकडील सामी आदिवासींची छायाचित्रे काढली आणि जन्मावरून माणसांची प्रतवारी लावली. २ ऑक्टोबर १९२७ रोजी अऱ्हेनिअस यांचे निधन झाले. ज्यांना स्वतःला एका श्रेणीने जवळजवळ संपवले होते, त्यांनीच इतरांना श्रेणी लावणाऱ्या संस्थेला हातभार लावावा, याचे आम्हांस दुःख वाटते.

जातिव्यवस्था वंशशुद्धी राखते, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात खोडून काढला. थोर माणूस सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालाम सुत्ताची शिकवण. म्हणूनच या शास्त्रज्ञाचा नियम आम्ही आदराने शिकवतो आणि त्यांची चूकही झाकून ठेवत नाही.

शेवटी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. टिपून ठेवलेला वेग हा त्या तापमानाचा वेग असतो. तापमान बदलले की तोही बदलतो. गुणपत्रिकेतील आकडाही तसाच एका दिवसाचा, एका परिस्थितीचा असतो. आपल्या वसतिगृहात दिवा, पुस्तक, पोटभर जेवण आणि मायेचा शब्द मिळाल्यावर पहिल्या सत्रात मागे पडलेली मुले पुढे आलेली आम्ही पाहिली आहेत. लेकराचे माप काढण्याची घाई करू नये. आधी त्याला ऊब द्यावी.