विद्यादान आणि अन्नदान

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या गरीब मुलाला गाणे शिकावेसे वाटले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न सुरांचा नसे; तो पोटाचा असे. गायनाच्या शाळा नव्हत्या. विद्या होती ती राजदरबारांच्या आश्रयाला असलेल्या गवयांपाशी. ते दूर दूर राहत. आणि तेथवर पोहोचलेल्या शिष्याने जेवावे कोठे, निजावे कोठे, याची तरतूद कोणीच केलेली नसे. गुरूच्या घरी पाणी भरावे, झाडलोट करावी, माधुकरी मागून पोट भरावे आणि गुरूची मर्जी लागेल त्या दिवशी चार स्वर पदरात पाडून घ्यावेत, अशी ती रीत होती. मिरजेचे थोर गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती असेच हाल सोसून. ज्यांच्या अंगी हे सोसण्याचे बळ नव्हते, अशी किती गुणी मुले वाटेतच परत फिरली असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

ही स्थिती बदलण्याचे ज्याने मनावर घेतले, तो पुरुष याच बाळकृष्णबुवांचा शिष्य होता. त्यांचे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे कृष्णेच्या काठचे एक लहानसे संस्थान होते. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्यामुळे टाळ, मृदंग आणि अभंग यांच्या नादातच मुलाचे बालपण गेले. परंतु लहान वयातच त्याच्यावर मोठा आघात झाला. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडवीत असता एक फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारांसाठी त्याला मिरजेला आणले. दृष्टी पूर्ववत होईना. शाळेतील शिक्षण खुंटले. तेव्हा त्याचा गोड गळा ओळखून तेथील डॉक्टरांनी त्याला गायन शिकविण्याचा सल्ला दिला. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि विष्णू बाळकृष्णबुवांच्या पायाशी येऊन बसला.

पुढची अनेक वर्षे त्याने अखंड मेहनत केली. दरबाराचा आश्रय असल्यामुळे त्याला माधुकरी मागावी लागली नाही. मात्र आपल्याला जे लाभले ते राजकृपेमुळे लाभले, ते सर्वांना लाभत नाही, ही गोष्ट त्याच्या मनात ठसली. आणखी एक शल्यही तेथेच रुतले. मिरजेतील एका समारंभाला विष्णूला बोलावणे आले. पण त्याच्या गुरूंना आले नाही, कारण ते पडले गवई, असे सांगतात. गवयाची विद्या सर्वांना हवी, पण गवयाला पंक्तीत मान नाही, हा न्याय त्या तरुणाला सहन झाला नाही. संगीताला आणि ते शिकणाऱ्याला समाजात मानाचे स्थान मिळवून द्यावयाचे, असा निश्चय करून १८९६ साली त्याने मिरज सोडली.

सातारा, बडोदे, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत विष्णु दिगंबर पंजाबात पोहोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी एक धाडस केले. त्या काळी गाणे ऐकावयाचे ते राजवाड्यात किंवा देवळात. पंडितजींनी अल्प मूल्याचे तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर जलसा केला. गवयाला राजाच्या कृपेवाचून लोकांच्या आधारावर उभे राहता येईल, हे त्यांना त्यातून उमगले.

त्याच आधारावर ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. लाहोर हे शहर आज पाकिस्तानात आहे. घरापासून शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या मुलखात, कोणा राजाचे पाठबळ नसताना त्यांनी हे काम आरंभिले. आरंभी कितीतरी दिवस एकही विद्यार्थी आला नाही. तरीही पंडितजी रोज ठरल्या वेळी विद्यालय उघडीत, तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या खोलीत एकटेच गात बसत. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले आणि विद्यालय भरले.

विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. पहिले शुल्क देऊन ठराविक वेळी शिकून घरी जाणारे. दुसरे विद्यालयातच राहणारे, बहुधा गरीब घरचे. या दुसऱ्यांसाठी पंडितजींनी जी व्यवस्था केली, ती त्या काळी नवीन होती. मुलाने नऊ वर्षे शिकावयाचे, असा करार होई. त्याचे अन्न, वस्त्र, निवास आणि शिक्षण यांचा सर्व भार विद्यालय उचली. त्याच्याकडून एक पैही घेत नसे. त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्याने काय करावयाचे? थोडी तयारी झाली की खालच्या वर्गांना शिकवावयाचे, जलशांत गुरूंना साथ करावयाची आणि विद्यालयाच्या कामांना हातभार लावावयाचा. अशा रीतीने शिकता शिकता तो शिक्षक होई.

या योजनेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. पूर्वीचा शिष्यही कामच करी. परंतु ते काम पाणी भरण्याचे होते आणि त्याचा गाण्याशी काही संबंध नव्हता. पंडितजींच्या शिष्याचे काम म्हणजे शिकविणे. आणि जो शिकवितो त्याची स्वतःची विद्या दुपटीने पक्की होते. शिवाय त्याला मिळणारे अन्न ही भिक्षा नव्हती. ती त्याच्या श्रमाची भाकरी होती. आज अनेक देशांच्या विद्यापीठांत संगीताचे उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी खालच्या वर्गांना शिकवितात आणि त्याबद्दल त्यांना शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते. त्याच जातीची व्यवस्था एका कीर्तनकाराच्या मुलाने शतकापूर्वी आपल्या बुद्धीने उभारली होती.

विद्यालयाची शिस्त कडक होती. पहाटे उठून मेहनत, ठरलेल्या वेळी वर्ग, नेमलेला अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा असा क्रम असे. पंडितजींनी स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धती तयार केली, छापखाना काढला आणि मुलांच्या हाती गायनाची पुस्तके दिली. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात, तेव्हा त्यांचा बुलंद आवाज मंडपाच्या टोकापर्यंत पोहोचे.

पण एवढ्या मुलांच्या मुखी रोज दोन वेळा घास घालावयाचा, तर पैसा कोठून येणार? शुल्क पुरत नसे. मग पंडितजी गावोगावी जलसे करीत, देणग्या मिळवीत आणि आलेली रक्कम विद्यालयाच्या खर्चात घालीत. १९०८ साली त्यांनी मुंबईत विद्यालयाची शाखा काढली. विद्यार्थी वाढले, जागा अपुरी पडू लागली. तेव्हा विद्यालय आणि वसतिगृह यांसाठी त्यांनी कर्ज काढून स्वतःची इमारत उभारली. येथे मात्र हिशेब चुकला. जलशाचे उत्पन्न कधी येई, कधी न येई. व्याज मात्र कधी थांबत नसे. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढावे लागले. पंडितजी दौऱ्यामागून दौरे करीत राहिले. अखेर १९२४ साली ते असेच दौऱ्यावर असताना सावकारांनी विद्यालयावर जप्ती आणली आणि इमारतीचा लिलाव झाला.

ज्या घरात शेकडो कंठ घडले, ते घर असे हातचे गेले. पंडितजींचे मन आधीपासूनच रामभक्तीकडे वळले होते. भगवी वस्त्रे धारण करून ते नाशिकच्या आश्रमात राहू लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. ज्या गावी ते विद्यार्थी म्हणून आले होते, त्याच गावी त्यांची यात्रा संपली.

मग त्यांचे कार्य बुडाले काय? इमारत गेली, पण माणसे उरली होती. ओंकारनाथ ठाकूर हा गुजरातेतील अत्यंत गरीब घरचा मुलगा. तो पंडितजींपाशी शिकला आणि १९१६ साली, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, लाहोरच्या विद्यालयाचा प्रमुख झाला. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा त्यांनीच वाहिली. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. बा. र. देवधरांनी मुंबईत संगीताचे विद्यालय चालविले. कोल्हापूरच्या शंकरराव आणि नारायणराव या व्यास बंधूंनी गायनाची आणि अध्यापनाची परंपरा पुढे नेली. गुरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात; तुमच्यापैकीही कोणी बसले असेल.

या साऱ्या हकिकतीत एक गोष्ट विशेष हृद्य आहे. पंडितजी गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांनी त्याच्यासाठी धन ठेवले नव्हते. होते ते परक्यांच्या मुलांना जेवू घालण्यात आणि शिकविण्यात खर्चून टाकले होते. तेव्हा ज्यांना त्या घरी अन्न आणि विद्या मिळाली होती, ते विनायकराव आणि नारायणराव पुढे आले आणि त्यांनी गुरुपुत्राला गायन शिकविले. तोच मुलगा पुढे द. वि. पलुसकर या नावाने भारतभर गाजला.

सावकाराचे कर्ज लिलावाने फिटले. गुरूचे ऋण शिष्यांनी असे फेडले. विटांच्या घराला बोली लावता येते. परंतु भुकेल्या मुलाला घास देऊन त्याच्या कंठात उतरविलेली विद्या कोणालाही जप्त करता येत नाही.