कै. नारायण वामन टिळक आणि प्रेषितांची वाट

कल्याण म्हटलें कीं आमच्या वाचकांस आगगाडीचें गजबजलेलें जंक्शन आठवतें. परंतु सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें कल्लियाना येथें इराणांत दीक्षा मिळालेला बिशप असल्याचें लिहून ठेविलें आहे, आणि तें ठिकाण म्हणजे हेंच कल्याण असें पुष्कळ पंडित मानितात. बर्थलमय प्रेषितानें या किनाऱ्यास सुवार्ता आणिली, अशीही एक परंपरा आहे. तिचा निकाल लावणें आमच्या आवाक्याबाहेरचें आहे. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्याच कल्याणांत 1869 ते 1873 पर्यंत शाळा शिकलेल्या एका ब्राह्मण मुलाविषयीं.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. आईच्या मृत्यूनंतर ते नाशकास गेले व गणेशशास्त्री लेले यांजपाशीं संस्कृत काव्य शिकले. पुढें शिक्षक, पुराणिक, छापखान्यांतील जुळारी, असे नाना उद्योग झाले. 1893 सालीं आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायीं पत्नी लक्ष्मीबाई यांची कित्येक वर्षें ताटातूट झाली. ती व्यथा त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त ज्यांनीं वाचिली नसेल त्यांनीं अवश्य वाचावी. 1900 सालीं त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत राहिले, तेथें त्यांनीं शिकविलें, लिहिलें आणि मंडळीला तिच्या स्वतःच्या भाषेंत गावयास लाविलें.

पगार होता, मान होता. तरी एक शल्य त्यांस टोंचीत असे. गांवांत उपदेशक गेला कीं लोक त्यास परक्यांचा चाकर समजत, आणि चाकराचें बोलणें मनावर कोण घेतो?

प्रेषित म्हणजे पाठविलेला. ज्यांनीं प्रभूला प्रत्यक्ष पाहिलें त्या बारा जणांची जागा दुसऱ्या कोणास मिळावयाची नाहीं, हें आम्हीं निःशंकपणें मानितों. परंतु बारांत नसलेल्या बर्णबासही प्रेषितांच्या कृत्यांत तेंच नांव दिलेलें आहे. अंत्युखियाच्या मंडळीनें उपास व प्रार्थना करून त्यास व पौलाला पाठविलें. करिंथांत पौल तंबू शिवून पोट भरीत होता, कारण सुवार्तेच्या वाटेंत पैशाची अडचण उभी राहूं नये अशी त्याची इच्छा होती.

टिळकांनीं ही वाट धरिली ती 1917 सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं. मिशनच्या पगाराचा त्याग करून त्यांनीं भगवीं वस्त्रें घेतलीं आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडिला. संसार पाठीशीं असलेल्या माणसाचा हा संन्यास. त्याचा भार एकट्या त्यांच्यावर पडला नाहीं, घरच्यांसही तो वाहावा लागला. दरबारांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांसही जागा होती. ही गोष्ट तेव्हां पुष्कळांस रुचली नाहीं, आणि आमच्याही मनांत तीविषयीं शंका आहे. तसेंच, पगार घेणारा प्रत्येक उपदेशक चाकरच, असें कोणी टिळकांच्या नांवावर म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. फिलिप्पैच्या मंडळीची देणगी पौलानेंही आनंदानें स्वीकारिली होती. आमच्या खेड्यांतले कित्येक शिक्षक-उपदेशक तुटपुंज्या वेतनावर जन्मभर झिजले. त्यांस कोणी पाठविलें होतें हें त्यांच्या मंडळ्यांना ठाऊक आहे. टिळकांचा प्रश्न मात्र आजही मिटलेला नाहीं: आपल्या गांवाबाहेर कोणी जावें म्हणून अंत्युखियासारखी उपास करून, आपल्याच पदरचें खर्चून माणूस पाठविणारी मंडळी आपल्यांत कोठें कोठें आहे?

दरबारास पुरतीं दोन वर्षेंही लाभलीं नाहींत. 9 मे 1919 रोजीं मुंबईस टिळकांनीं देह ठेविला. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें, तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. विन्स्लो नामक इंग्रज पाळकानें 1922 सालीं ख्रिस्तसेवा संघ स्थापिला, आणि पुढल्याच वर्षीं टिळकांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें.